आसंजन म्हणावं की बंध?

प्लॅस्टिकवर चढवलेल्या धातूच्या अतिपातळ थराबद्दल लिहिताना ‘चिकटणे’, ‘आसंजन’ आणि ‘बंध’ यांतला कोणता शब्द घ्यावा, आणि ‘मुलामा’ चालेल का, असा प्रश्न आहे.

‘आसंजन’ मला फार आवडतो. त्याच्या मुळाशी ‘सञ्ज्’ हा संस्कृत धातू आहे. अर्थ बिलगणे, लागून राहणे. संग, प्रसंग, आसक्ती ही त्याचीच भावंडं. पण दोन वेगळे पदार्थ एकमेकांना धरून आहेत, एवढंच हा शब्द सांगतो. कशामुळे, ते सांगत नाही, आणि इथे खरी गंमत त्या ‘कशामुळे’मध्येच आहे.

सोनं पॉलिमरशी, म्हणजे प्लॅस्टिक ज्या लांब साखळीसारख्या रेणूंचं बनतं त्यांच्याशी, जवळपास रासायनिक अभिक्रिया करतच नाही. (‘प्रतिक्रिया’ नको, ती माणसं देतात.) सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकमेकांना गाठतात आणि त्यांचे पुंजके होतात. थर चकचकीत दिसतो, पण चिकटपट्टी लावून ओढली की सहज निघून येतो. असा थर बसलेला असतो, त्याने पकड घेतलेली नसते. क्रोमियम, टायटॅनियम यांचं तसं नाही. पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकच्या रेणूंतल्या ऑक्सिजनशी त्यांचे अणू थेट रासायनिक बंध जोडतात. म्हणूनच सोन्याच्या आधी क्रोमियमचा काही नॅनोमीटर जाडीचा थर देतात. पॉलिइथिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे क्रोमियमलाही धरायला ऑक्सिजन मिळत नाही. मग ऑक्सिजनच्या प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, आधी पृष्ठभाग तयार करून घ्यावा लागतो.

तेव्हा माझं मत असं: पकड कशीही असो, ‘आसंजन’ बिनचूक. ‘बंध’ मात्र अणूंमध्ये खरोखर रासायनिक जोड झाली असेल तरच लिहावा. सोन्याच्या थराला ‘बंध’ म्हटलं तर वाचकाला चुकीची माहिती जाते. बोलताना ‘चिकटणे’ ठीक आहे, पण त्यातून मध्ये काहीतरी चिकट पदार्थ असल्याचा भास होतो.

‘मुलामा’ अरबी ‘मुलम्मा’वरून आला, अर्थ चकाकवलेला. त्यात झळाळी आहे, पकडीबद्दल काही नाही. दिखाऊ थराला तो शोभतो.

अजून एक जोडीचा शब्द हाताशी असू द्या: ‘संसक्ती’. कधी थर ओढताना धातूच्या मागे पॉलिमरचाही पापुद्रा येतो. तिथे आसंजन टिकलेलं असतं, हरते ती पॉलिमरची स्वतःची संसक्ती, म्हणजे एकाच पदार्थाने आपल्यातच धरून राहणं. मूळ तोच ‘सञ्ज्’, फक्त ‘आ’च्या जागी ‘सम्’.