हुरड्याचे फोटो काढायला निघालास तर

बघ भावा, नवीन लेन्सच्या मागं आत्ताच लागू नको, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किटलेन्स आहे ना तुझ्याकडं, तीच घे अन् डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी शेतात हुरड्याला जा. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हाच पोच, आगटी, म्हणजे कणसं भाजायचा तो जाळ, तुझ्या अन् सूर्याच्या मधात येईल असा बस, मग धूर असा काय उजळतो की बघतच राहशील. कणीस आगटीतून काढून गरम गरम हातावर चोळतात, हिरवे दाणे खाली पडतात अन् फुंकर मारली की भुसा उडतो, खरा फोटो तिथंच आहे! त्याला शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. अन् आगटीजवळ लेन्स अजिबात बदलू नको, माझ्या कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर राख बसली होती, पुढचे दोन महिने प्रत्येक आभाळात काळे ठिपके.

संभाजीनगरात नान खलियाचा (नान अन् मटणाचा तर्रीदार रस्सा) फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेव, तर्रीवर पांढरा डाग पडतो. ट्यूबलाइटखाली रंग हिरवट येतो म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घरी नीट करता येतो. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर उत्तमच.

भाकरी थापणाऱ्या मावशीला मात्र आधी विचार, अन् फोटो नंतर प्रिंट काढून नेऊन दे. मी दिला तेव्हा त्यांनी तो देवघराशेजारी लावला.