सब तापतोय म्हणून मोठा सब घेऊ नका, आधी गेन तपासा

गाडीतला १२ इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा स्पीकर), ३०० वॉट आरएमएस (सतत पेलवणारी शक्ती), ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरललमध्ये, म्हणजे मिळून २ ओहम, मोनो (एका चॅनेलचा) अँप. अर्ध्या तासात बास बसतो, डिक्कीतून जळका वास येतो आणि दुकानदार म्हणतोय, मोठा सब टाका. टाकू नका. अँपची सेटिंग तीच राहिली तर तोही तापेल, जरा उशिरा एवढंच.

सबला दिलेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाज होतो, बाकीची कॉइलमध्ये उष्णताच. तेव्हा सब कोमट लागला तर घाबरायचं कारण नाही, वास मात्र धोक्याचा. बास बसण्याचं कारणही तेच. तांब्याची कॉइल २५ वरून २०० अंशांवर गेली की तिचा रोध सुमारे ६८ टक्क्यांनी वाढतो, ती अँपकडून कमी वॉट घेते आणि आवाज पडतो. मग आपण बासचा नॉब अजून फिरवतो, कॉइल अजून तापते.

माझा पहिला संशय क्लिपिंगवर, म्हणजे अँपच्या लहरीचे माथे छाटले जाण्यावर. गेन हा व्हॉल्यूम नाही, स्टिरिओचा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब आहे, पण बहुतेक फिटिंगवाले तो कानाने ठरवतात आणि वर बास बूस्टही ठेवून देतात. १२ डीबी बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात १६ पट वॉट मागणं! अँपकडे तेवढे नसतात, लहरीचे माथे छाटले जातात, आणि पूर्ण छाटलेली लहर तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते.

बूस्ट शून्यावर आणा, सबच्या वायरी अँपवरून काढा. स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला धरा. ३०० वॉट गुणिले २ ओहम, त्याचं वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत तिथे थांबा. अँप त्याहून लहान असेल तर अँपचे २ ओहमचे आरएमएस वॉट धरा. खोक्यावर छापलेला ‘मॅक्स’ आकडा विसरा.

मीटर हातात आहेच, तर तोच डीसीवर लावून टोन बंद असताना आउटपुट बघा. काही मिलीव्होल्टच हवेत. पूर्ण एखादा व्होल्ट दिसला तर अँप बिघडलाय, सबला हात लावू नका. मोठ्या बासला अँपच्या पॉवर टर्मिनलवर १२ व्होल्टच्या खाली घसरण होत असेल तर पॉवर वायर बारीक आहे किंवा अर्थचा बोल्ट रंगावरच कसलाय. रंग खरवडून पत्र्याला लावा.

अजून एक चूक सर्रास होते: दोन कॉइलपैकी एकीचे प्लस-मायनस उलटे. दोघी एकमेकींविरुद्ध ओढतात, कोन (सबचा पुढचा पडदा) जवळपास हलत नाही आणि वॉट मात्र पूर्ण जातात. कोन हलतो तेव्हाच कॉइलला वारा मिळतो, त्यामुळे असा सब फार लवकर जळतो. वायरिंग डोळ्यांनी बघा. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेला) बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) बॉक्सच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे ते भोक ज्या हर्ट्झला घुमतं त्याच्या, जरा खाली लावा, लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला.

सब वाचलाय का, हे थंड असताना बघा. जोडणी सोडवून प्रत्येक कॉइल वेगळी मोजा. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ दाखवते. मग दोन्ही हातांनी कोन समान दाबा. खरखर लागली किंवा दोन्ही आकड्यांत मोठा फरक आला तर रीकोन करून घ्या, म्हणजे कोन आणि कॉइल नवीन बसवून घ्या.