क्रॅक सॉफ्टवेअरच्या नादी लागू नकोस

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात घरबसल्या ख्याल रेकॉर्ड करतोयस, छान! सुरुवातीला थोडंच सांभाळ.

१. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको म्हणजे नको. 'प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) उघडलं की प्रोजेक्टच बंद पडतो' म्हणणाऱ्यांच्या संगणकात पुष्कळदा हेच सापडतं. लायसन्सची तपासणी उखडताना आतलं बाकीचंही मोडू शकतं, शिवाय व्हायरस फुकट. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर. महागडी प्लगइन्स नंतर.

२. विकत घेताना लायसन्स कुठे बसतं ते विचार: संगणकावर, आयलॉक या लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेच्या यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर) की क्लाउडवर? आयलॉक क्लाउडला काम चालू असेपर्यंत इंटरनेट लागतं, आणि आपल्याकडची वीज तुला माहीतच आहे. विंडोज नव्याने टाकण्याआधी जुनं अ‍ॅक्टिव्हेशन (लायसन्सची त्या संगणकावरची नोंद) काढून घे. नवखे हेच हमखास विसरतात.

३. आवाज तडतडला की लगेच नवा लॅपटॉप बघू नकोस. आधी ऑडिओ इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर (ASIO, विंडोजवर आवाज कमी उशिराने पोचवणारा) टाक. गाताना बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) १२८, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४.

तानसेन समारोहाच्या दिवसांत कुणाचं काम हातात असेल, तर अपडेटला हातही लावू नकोस. सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे याचा) काथ्याकूट पुढे करू, तूर्त ४८ किलोहर्ट्झवर ठेव.