'हॅम्लेट'ला खेडे म्हणावे की वाडी?

प्रश्न असा: लंडनने पोटात घेतलेल्या बेथनल ग्रीनविषयी मराठीत लिहिताना 'हॅम्लेट'साठी कोणता शब्द वापरावा, आणि त्याचे पुढे जे झाले त्याला 'समाविष्ट' म्हणता येईल का?

वाडी म्हणा. खेडे म्हणजे 'व्हिलेज', आणि इंग्लंडात या दोहोंतला फरक नुसत्या घरांच्या संख्येचा नव्हता. व्हिलेजला सहसा स्वतःचे पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला प्रदेश) आणि त्याचे चर्च असे, हॅम्लेट दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये मोडे. आपल्याकडे महसुली गाव एक आणि त्याच्या वाड्या चार, तसेच. शब्दही त्याला साजेसा आहे: जुन्या फ्रेंचमधले 'हॅम' म्हणजे गाव, त्याचे लघुरूप 'हॅमेल', त्याचेही लघुरूप 'हॅम्लेट'. (शेक्सपिअरच्या राजपुत्राचा याच्याशी संबंध नाही, ते डेन्मार्कच्या दंतकथेतल्या आम्लेथचे नाव.) पाडा, तांडा, पोड मात्र टाळा, त्यांना विशिष्ट समाजांचा वास आहे.

बेथनल ग्रीन ही स्टेपनी पॅरिशची वाडी. शेजारच्या स्पिटलफील्ड्सचे रेशीम विणकर पश्चिमेकडून इकडे सरकत गेले, वस्ती दाटली, आणि 1743 मध्ये तिला स्वतंत्र पॅरिशचा दर्जा मिळाला. त्यामुळे 1743 नंतरच्या बेथनल ग्रीनला वाडी म्हणणे चूक. तिथून पुढे 'पॅरिश' हाच शब्द ठेवा. वंशावळ शोधणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते: त्याआधीचे बाप्तिस्मे बेथनल ग्रीनच्या नावाने सापडत नाहीत, ते स्टेपनीच्या सेंट डन्स्टन चर्चच्या नोंदवह्यांत पाहावे लागतात. स्टेपनीचीच दुसरी वाडी पॉप्लर हिला हा दर्जा 1817 मध्ये मिळाला, म्हणून तिथली वर्षे वेगळी धरा.

आता 'समाविष्ट'. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, ती समाविष्ट गावे. म्हणजे पालिकेची हद्द सरकली. बेथनल ग्रीनच्या बाबतीत सिटी ऑफ लंडनची (म्हणजे लंडनच्या जुन्या गाभ्याची) हद्द तिथवर सरकलीच नाही. घरे आधी भिडली. वस्ती कागदोपत्री मिडलसेक्स परगण्यातच राहिली, ती थेट 1889 मध्ये लंडन काउंटी स्थापन होईपर्यंत. तेव्हा 'शहराने वेढलेली' किंवा 'शहरात मिसळून गेलेली' लिहावे.

1965 मध्ये बेथनल ग्रीन, स्टेपनी आणि पॉप्लर एकत्र करून बनलेल्या 'टॉवर हॅम्लेट्स' या लंडनच्या प्रशासकीय विभागाच्या नावाचे भाषांतर करू नका, ते विशेषनाम आहे. 'टॉवर ऑफ लंडन' या किल्ल्यासाठी पहाऱ्याची माणसे पुरवणाऱ्या वाड्यांवरून ते नाव आले, एवढे एका वाक्यात सांगितले की पुरे.