वाचकांचे प्रश्न : हॉस्टेलमधली ‘ॲझी’

घसा धरला, कणकण आली की आमच्या हॉस्टेलमध्ये जो तो मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन ५०० ची तीन गोळ्यांची स्ट्रिप आणतो. चौथ्या दिवशी बरंही वाटतं. मग चुकतं कुठे?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

विषाणूमुळे धरलेला घसा गोळी न घेताही आठवड्याभरात सुटतो. बरं होण्याचे दिवस आणि गोळ्यांचे दिवस एकच पडतात, म्हणून श्रेय स्ट्रिपला जातं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. ताप उतरवणं हे तर त्याचं कामच नव्हे; ते पॅरासिटामॉलचं.

घसा जिवाणूंमुळे धरलाय का, याचा अंदाज घेताना डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी बघतात : ताप, टॉन्सिलवर सूज किंवा पांढरट थर, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. नाक गळतंय, खोकला येतोय, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणूच. स्ट्रेप्टोकोकस जिवाणू निघालाच, तर पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनला, तेही सहसा १० दिवस. म्हणजे अँटिबायोटिक खरंच लागतं तिथेही तुमची ‘ॲझी’ रांगेत मागेच.

तिची आणखी एक खोड आहे. तिचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ६८ तास, म्हणजे तिसरी गोळी पोटात गेल्यावरही औषध कितीतरी दिवस अंगात रेंगाळतं, रोज थोडं फिकं होत. त्या फिक्या मात्रेत घशातले नेहमीचे, निरुपद्रवी जिवाणू सगळे मरत नाहीत. जे दाद देत नाहीत तेच उरतात, वाढतात आणि एका खोलीत चौघे राहत असतील तर चौघांत फिरतात.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मेडिकलवाला न विचारता देतो, ही त्याची चूक. तुमची सोय नव्हे.

पाच दिवस ताप होता. रूममेटकडे उरलेल्या सेफिक्सिमच्या (हेही अँटिबायोटिकच) दोन गोळ्या घेतल्या. हे सांगितल्यावर डॉक्टर वैतागले. दोनच तर गोळ्या!
– बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

टायफॉइडची शंका असली की पहिल्या गोळीआधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी) घ्यायचं असतं. दोन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण रक्तातले जिवाणू इतके घटू शकतात की कल्चरमध्ये काही उगवतच नाही. मग कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही आणि अंदाजाने उपचार करावे लागतात. टायफॉइडसाठी विडाल नावाची दुसरी रक्तचाचणी असते, पण तिच्या एकटीवर विसंबणं धोक्याचं. ती खोटी पॉझिटिव्हही येते.

सेफिक्सिम तर ‘एच-वन’ यादीतलं, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. १ मार्च २०१४ पासून ते विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वहीत लिहून ती नोंद ३ वर्षं ठेवायची असते. उसन्या गोळ्यांची नोंद कुठे होणार? शिवाय स्ट्रिप कापली की एक्स्पायरी एका तुकड्यावर आणि गोळ्या दुसऱ्यावर, असं सर्रास होतं. तरी तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या वेळी रिकामी स्ट्रिपही घेऊन जा. ‘पिवळी, लांबट गोळी’ यावरून काही ओळखता येत नाही.

मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलंय. रात्री घेतली की छातीत जळजळतं.
– नाशिक

घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं, की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. संध्याकाळी जेवणानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास बसून राहा. दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत नको. औषध नीट शोषलं जात नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. या औषधामुळे उन्हात चेहरा लवकर भाजतो, तेव्हा दुपारी सनस्क्रीन आणि स्कार्फ. गिळतानाही दुखू लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.