गाणे कोणाच्या नावावर? वाचकांचे प्रश्न, एका स्वतंत्र रॅपरची उत्तरे

गेल्या अंकात मराठी हिपहॉपवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. कोणत्याही कंपनीशी करार न करता स्वतःची गाणी स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या एका मराठी रॅपरने त्यांतील निवडक पत्रांना दिलेली ही उत्तरे. पत्रलेखकांच्या इच्छेवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

माझा मुलगा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री दार लावून तो तास-तासभर एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असतो. ‘मी रॅपरच होणार’ असे त्याने घरात जाहीर केले आहे. त्याला कोणी गुरू नाही, कोणत्याही कंपनीने घेतलेले नाही. यातून पोट भरते का? (एक आई, नाशिक)

ताई, पोटाचा प्रश्न तुम्ही थेट विचारलात, म्हणून उत्तरही थेट देते. केवळ गाणी ऐकली जाण्यातून घरखर्च भागेल एवढे उत्पन्न मला आजही मिळत नाही. माझे घर चालते ते कार्यक्रमांच्या मानधनावर, शाळा-महाविद्यालयांतील लेखन कार्यशाळांवर आणि जाहिरातींसाठी लिहून दिलेल्या ओळींवर. गणेशोत्सव, एप्रिलमधील जयंतीचे कार्यक्रम आणि हिवाळ्यातील स्नेहसंमेलने या काळात हातात पैसे असतात, तर पावसाळ्याचे पहिले दोन महिने जवळजवळ रिकामे जातात, आणि त्या दोन महिन्यांची तजवीज जानेवारीतच करून ठेवावी लागते.

मात्र ‘कोणत्याही कंपनीने घेतलेले नाही’ या वाक्यात तुम्हाला जो कमीपणा वाटतो आहे, तो मनातून काढून टाका. ही कला कंपन्या तिच्यात येण्याच्या आधीपासूनची आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेश होता. तिचा भाऊ, पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेलेला, तिथे तबकड्या वाजवत होता. गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आळीपाळीने वाजवून लांबवण्याची त्याची रीत हा पुढच्या सगळ्या हिपहॉपचा पाया ठरली. आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर तयार केले, आणि त्यानंतर मुंबईतील गल्ल्यांमधील या मुलांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले.

बंद दारामागे तो काय करतो, तेही सांगते. मी घरी ध्वनिमुद्रण करते तेव्हा कपाटाची दोन्ही दारे उघडून त्यांवर गोधड्या टाकते आणि मधल्या जागेत माइक उभा करते, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. पंखा बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर माइक बरोबर पकडतो. शेजारचा मिक्सर आणि खालची वर्दळ थांबल्यावर, रात्री अकरानंतर, हे काम सुरू होते. एका ओळीत श्वास कोणत्या शब्दानंतर घ्यायचा हे ठरेपर्यंत ती ओळ म्हणत राहावे लागते. तुमचा मुलगा हा रियाज करतो आहे.

त्याने बी. कॉम. पूर्ण करावे असे मी आग्रहाने सांगेन. स्वतंत्र कलाकाराला आपली पावती, आपला कर आणि आपला करार स्वतःच पाहावा लागतो, आणि हिशेब न येणाऱ्या कितीतरी गुणी मुलांचे पैसे माझ्या डोळ्यांदेखत बुडाले आहेत. तुम्ही एक करा: त्याला एका गाण्याचे शब्द कागदावर लिहून मागा आणि त्याच्यासमोर वाचा. त्याला तुमचा होकार हवा असेलच, पण त्याहीपेक्षा आपले ऐकणारे कोणीतरी घरात आहे, हे त्याला कळायला हवे आहे.

मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. ओवी, अभंग, पोवाडा शिकवण्यात आयुष्य गेले. रॅपमध्ये मला वेग ऐकू येतो, पण वृत्त सापडत नाही, आणि यमके फार ढोबळ वाटतात. याला कविता म्हणावे काय? (एक वाचक, सोलापूर)

सर, यमकांविषयीची आपली तक्रार खरी आहे आणि ती मराठीत रॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे नवख्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी करतो-धरतो-मरतो किंवा गेला-केला-नेला यांची रांग लागते. प्रत्यय सारखे असल्याने यमक फुकटात मिळते, आणि जे फुकटात मिळते ते कानाला लगेच शिळे वाटते. कार्यशाळेत एका मुलाने लिहिले होते:

रोज सकाळी मी लोकल पकडतो,
गर्दीत घुसून दांडा धरतो.

यात चूक काहीच नाही आणि ऐकण्यासारखेही काही नाही. क्रियापद काढून टाकून लिही, एवढेच मी त्याला सांगितले. अर्ध्या तासाने त्याने हे आणले:

सात-दहाची लोकल, दारात दहा पाय,
एक आत माझा, दुसऱ्याचं काय?

आता यमक एका नामाचे आणि एका प्रश्नाचे आहे. ‘दहा’ आणि ‘दारात’ यांतला द ठेक्यावर पडतो, आणि लटकणाऱ्या माणसाची भीती न सांगता कळते. आपण वर्गात अनुप्रास शिकवत होता तो हाच.

वृत्ताचे म्हणाल तर ते आहे. फक्त कागदावर अक्षरे मोजून ते हाती लागणार नाही. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षरसंख्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक डोळ्यांना दिसते. रॅपचे माप म्हणजे बार, अर्थात चार ठोक्यांचा एक आवर्तनखंड. रूढ कडवे सोळा बारचे, म्हणजे ६४ ठोक्यांचे, आणि मिनिटाला ९० ठोके या मध्यम गतीत ते साधारण ४३ सेकंदांत संपते. त्या चौकटीत अक्षरे किती भरायची याचे स्वातंत्र्य कवीला असते, पण महत्त्वाचा शब्द ठोक्यावर पडला पाहिजे किंवा मुद्दाम ठोका चुकवून पडला पाहिजे. शिवाय आपण मोजतो ते बोलण्यातले उच्चार. ‘सकाळची’ हा शब्द लिहिताना चार अक्षरांचा असला तरी बोलताना ‘स-काळ्-ची’ असा तिनाचा होतो, आणि लेखी मापावर लिहिलेली ओळ बीटवर, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालसंगीतावर, लंगडते ती इथेच.

पोवाड्याशी नाते विचाराल तर मी जपूनच बोलते, कारण हल्ली प्रत्येक रॅपर स्वतःला शाहीर म्हणवून घेतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी गिरणगावात जे केले त्यामागे संघटना होती, चळवळ होती, आणि समोर बसलेल्या माणसाच्या जगण्याशी बांधिलकी होती. तसे काम या पिढीत कुठे दिसते असे कोणी विचारले, तर मी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाचे नाव घेते. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत गाणाऱ्या या मुलांनी २०१९ मध्ये आरेतील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन तिथल्या जंगलावर आणि आदिवासींच्या जमिनीवर गाणे केले. त्यांच्यातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. सर, त्याचे कडवे एकदा शांतपणे ऐका आणि कविता म्हणायचे की नाही ते आपणच ठरवा. आपला निर्णय मला मान्य असेल.

एका संगीत कंपनीने मला पाच गाण्यांसाठी ७५,००० रुपये आगाऊ देऊ केले आहेत. करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी’ असे लिहिले आहे. उत्पन्नातील माझा वाटा २० टक्के आहे. घरची परिस्थिती बेताची असल्याने सही करावीशी वाटते. (एक रॅपर, वय २२, डोंबिवली)

सही करण्याआधी हे उत्तर दोनदा वाचा, आणि करार एखाद्या वकिलाला दाखवा. त्याची फी या रकमेच्या मानाने फार नसते.

आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती बक्षीस नसते, तुमच्याच वाट्यातून आधी वळती होते. तुमचा वाटा २० टक्के असेल तर ७५,००० रुपये फिटण्यासाठी त्या पाच गाण्यांनी एकूण ३,७५,००० रुपये कमवावे लागतील, आणि तोपर्यंत तुमच्या हाती पुढचा एक रुपया येणार नाही. व्हिडिओचा खर्चही तुमच्याच नावे मांडण्याचे कलम बहुतेक करारांत मागच्या पानांवर असते. तो खर्च दोन लाख धरला, तर हाच आकडा १३,७५,००० रुपयांवर जातो. तुमच्या करारात असे कलम आहे का, हे आजच पाहा.

आता हक्कांचे. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: एक, तुम्ही लिहिलेले शब्द आणि त्यांची संगीतरचना, दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला आपण ‘मास्टर’ म्हणतो. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत दोन्ही जातात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला काही संरक्षण दिलेले आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते, त्यामुळे फोनवर ‘हो’ म्हटल्याने काही जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तुमच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत ते याचसाठी. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. हा वाटा हाती यावा म्हणून १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा. सभासदत्व गीतकार म्हणून मिळते, त्यासाठी प्रसिद्ध असण्याची गरज नाही.

कंपनीला थेट नकार देऊ नका. पाचऐवजी दोन गाणी द्या, हक्क विकण्याऐवजी ठरावीक वर्षांसाठी वापरण्याचा परवाना द्या, मुदत संपल्यावर मास्टर तुमच्याकडे परत येईल आणि हिशेब तपासण्याचा अधिकार तुम्हाला राहील अशी दोन कलमे मागा. चांगली कंपनी यावर बोलायला बसते. जी बसत नाही, तिने तुमच्या गाण्यांची किंमत तुमच्यापेक्षा जास्त ओळखलेली आहे.

आणखी एक. बीट कोणाचा आहे? इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला बीट एकाच वेळी शंभर जणांना दिलेला असू शकतो, आणि अशा बीटवरचे गाणे तुम्ही कोणालाही पूर्ण हक्कांनी देऊ शकत नाही. मित्राने बनवला असेल तर कोणाचा किती टक्के हे गाणे पूर्ण होते त्याच रात्री कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. गाणे चालल्यानंतर हा विषय काढला की मैत्री तुटते. मी अशा दोन जोड्या तुटताना पाहिल्या आहेत आणि त्यांतले चौघेही उत्तम कलाकार होते.

घरची परिस्थिती तुम्ही लिहिली नसती तर हे सगळे सांगणे सोपे होते. ७५,००० रुपये ही मोठी रक्कम आहे, हे मला ठाऊक आहे. गरज अगदीच निकडीची असेल तर दोन गाण्यांपुरती सही करा, पण तुमचे सर्वांत जवळचे गाणे त्यात देऊ नका.

माझ्या गाण्याला स्पॉटिफायवर ८०० वेळा ऐकले गेले, तरी एक पैसा आला नाही. मित्र म्हणतो, पैसे देऊन आकडा वाढवून घे. (एक वाचक, कोल्हापूर)

घेऊ नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते, म्हणून तुम्हाला काही आले नाही. विकतचे आकडे पकडले गेले की गाणे काढले जाते आणि ते स्पॉटिफायवर पोहोचवणाऱ्या वितरकाला दंड बसतो, जो तो तुमच्याकडून वसूल करू शकतो. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहिले जाणे, असा नेहमीचा निकष आहे. आकड्यापेक्षा ऐकणारी माणसे महत्त्वाची. लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल याने २०१३ मध्ये आपला ‘क्रेनशॉ’ हा संग्रह इंटरनेटवर मोफत ठेवला आणि त्याच्याच १,००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकल्या. तुमचे आठशे वेळा ऐकणारे कोण आहेत, हे आधी शोधा. त्यांतले वीस जण तिकीट काढून आले तरी कोल्हापुरात एक छोटा कार्यक्रम उभा राहतो.

आमच्या सायफरमध्ये, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करणाऱ्यांच्या गटात, मी एकटीच मुलगी असते. शिव्यांशिवाय रॅपला धार येत नाही असे सगळे म्हणतात. घरचे रात्रीच्या कार्यक्रमांना जाऊ देत नाहीत. (एक विद्यार्थिनी, पुणे)

आपल्याकडच्या बहुतेक शिव्या आई आणि बहीण यांच्यावरून असतात, आणि गोल करून उभ्या असलेल्या दहा मुलांत त्या ऐकताना मला आजही राग येतो. मी त्या वापरत नाही. धार नेमक्या शब्दाने येते: समोरच्याने घातलेले बूट, त्याने चोरलेली चाल, त्याने मागच्या आठवड्यात मारलेली बढाई यांतले काही पकडून ओळ फेका, गोलातून आवाज उठतो की नाही पाहा. कल्याणची डी एमसी आणि गोवंडीची सानिया एमक्यू या रॅपर मुलींचे व्हिडिओ पाहा. दोघींच्या शब्दांत भरपूर आग आहे.

घरच्यांची काळजी अवाजवी नाही, आणि ती आयोजकांनी घ्यायला हवी अशी माझी ठाम भूमिका आहे. मानधन ठरवताना परतीच्या गाडीचा आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि तो आगाऊ मागा. मी प्रत्येक कार्यक्रमाला हे करते. तुमचा क्रम पहिल्या तासात ठेवायला सांगा. पहिल्यांदा आईलाच सोबत न्या, आणि तिला मागे कोपऱ्यात न बसवता मंचासमोर बसवा.