लाल ठिपका एकीकडे, छर्रा दुसरीकडे

प्रश्न : माझा 14 वर्षांचा मुलगा घरामागच्या शेडमध्ये 10 मीटरवर एअर रायफलचा सराव करतो. रायफल साधी, स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची. मामाने त्याला नळीखाली बसणारं लेझर आणून दिलं. ठिपका मधोमध धरला तरी छर्रे वर आणि डावीकडे लागतात. स्क्रू फिरवून बघितला, तर आणखीच लांब गेले. लेझर खराब आहे का? जिल्हा स्पर्धेत ते चालेल का?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, लेझर बहुधा ठणठणीत आहे, स्क्रू उलटा फिरतोय. छर्रे डावीकडे लागले की ठिपका उजवीकडे सरकवावासा वाटतो. क्लबात नवी पोरं हेच करतात. ठिपका छऱ्यांकडे न्यायचा. ते वर-डावीकडे लागताहेत ना, मग ठिपकाही वर-डावीकडे. पुढच्या वेळी तो मध्यावर आणताना नळी आपोआप खाली-उजवीकडे वळेल.

मात्र एका छऱ्यावरून स्क्रूला हात लावू नका. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारू द्या आणि त्यांच्या घोळक्याचा मध्य धरा. पाचही पाच दिशांना गेले, तर आधी लेझर नळीला धरून ठेवणारा क्लॅम्प तपासा. स्प्रिंगची रायफल मागे आणि पुढे असे दोन्ही झटके देते, त्यात लेझरचे बारीक स्क्रू ढिले होतात.

एवढं करूनही हिशेब जुळेल तो 10 मीटरपुरताच. समजा लेझर नळीच्या 4 सेंटिमीटर खाली आहे. त्याचा किरण सरळ जातो, छर्रा 10 मीटरमध्ये सुमारे 2 सेंटिमीटर खाली येतो. दोन्ही तिथे जुळवले, तर 5 मीटरवर छर्रा ठिपक्याच्या सुमारे अडीच सेंटिमीटर वर लागेल आणि 20 मीटरवर सात सेंटिमीटरहून जास्त खाली. अंतर बदललं की लेझर पुन्हा लावायचं.

आता माझं मत. या वयात मी तरी लेझरवर नेम शिकवणार नाही. पीप साइटमध्ये, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकातून नेम धरताना, नजर नळीच्या टोकावरच्या रिंगवर ठेवायची असते, टार्गेट थोडं धूसरच दिसतं. लेझर डोळ्याला टार्गेटवर खिळवतं. त्यात ठिपका नाचताना दिसला की पोरगा तो मध्यावर यायची वाट बघतो आणि आला रे आला की ट्रिगर हिसकतो. 10 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! तिथे हिसका दिलेला ट्रिगर लगेच उघडा पडतो. ही खोड मोडायला महिने जातात, मामांना कितीही वाईट वाटलं तरी.

लेझर वापरायचंच असेल तर हात स्थिर ठेवायच्या सरावाला वापरा : रायफल न भरता, न ताणता, भिंतीवरच्या कागदावर ठिपका धरायचा. रिकामी रायफल ताणून ट्रिगर मात्र दाबू देऊ नका, छर्रा नसला की पिस्टन थेट आदळतो आणि सील फाटतं. सरावाला मोठं माणूस जवळ हवं, समोर आरसा किंवा चकचकीत पत्रा नको. परतलेला किरणही डोळ्याला घातक. तुमची शेड पत्र्याची आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. छर्रे झेलायलाही पत्रा चालत नाही, ते उलटे येतात. मागे वाळूची पेटी ठेवा.

स्पर्धेत लेझर चालत नाही. छर्रे मारायच्या सरावातून ते आत्ताच काढा आणि पीप साइट लावून घ्या.